तारामतीचं अद्रकपाणी

चुलीची उजवी बाजू सारवून झाली होती, डावी अजून कोरडीच होती आणि तारामतीचा हात शेणमातीच्या काल्यात मनगटापर्यंत होता, तेवढ्यात ओसरीवरून सासूचा खोकला आला. कस्तुराबाईच्या खोकल्याचे प्रकार होते. एक नुसता घसा मोकळा करायचा. एक रस्त्यानं जाणाऱ्या शेजारणीला आत बोलवायचा. आणि एक छातीच्या तळापासून शिट्टी वाजवत वर यायचा. हा तो शिट्टीचा होता. तो ऐकू आला की हातातलं काम जागच्या जागी टाकायचं आणि अद्रक खरवडायला घ्यायची, असा त्या घराचा नेम पडला होता. देवपूजेला एखाद्या दिवशी ऊन चढलं तर कोणी बोलत नसे; या नेमाला मात्र उशीर चालत नव्हता.

"तारा! ए तारा! मी हितं मरायले अन् तू चुलीला मेंदी लावत बसलीस व्हय?"

"आले, आत्याबाई."

"आले आले! तुझ्या आधी यमदूत पोचायचा."

तांब्याच्या तळाशी राहिलेल्या घोटभर पाण्यात तारामतीनं बोटं भिजवली, पदराला पुसली आणि कोनाड्यातून अद्रकीचा तुकडा घेतला. दुष्काळाचं साल होतं. चाकूरच्या त्या गल्लीतल्या विहिरी खडखडीत झाल्या होत्या, टँकर आला तर बायकांच्या झिंज्या उपटायची वेळ यायची, आणि बाजारात अद्रक मिळालीच तर सुतळीसारखी चिवट मिळायची. तरी ती मिळवायची. अद्रक धुतलेलं पाणीसुद्धा फेकायचं नाही, तुळशीला घालायचं.

मग पाट्यावर ठेचा, फडक्यातून पिळा, आणि रस काचेच्या पेल्यात घालून गप बसा. हे गप बसणंच महत्त्वाचं. अद्रकीच्या रसात पांढरं पीठ असतं, ते हळूहळू तळाशी बसतं. पेला जराही न हलवता वरचा निवळ रस तेवढा ओतून घ्यायचा. ते पीठ पाण्यात गेलं की सगळं पाणी तुरट होतं आणि घशाला खाजरं लागतं. तोवर गूळ पाण्यात विरघळवून, दोन मिरे ठेचून उकळायचा, कचरा निघून जावा म्हणून गाळायचा, आणि कोमट झाला की त्यात रस सोडायचा. लिंबू असेल तर सगळ्यात शेवटी. गरम असताना लिंबू पिळलं तर कडवटपणा येतो. तारामतीच्या हातचं हे पाणी सोन्यासारखं पिवळं आणि आरपार दिसायचं. गल्लीतल्या पाच बायकांनी तसंच करून पाहिलं होतं. कोणाचं तसं झालं नाही.

हे तिला इतकं चांगलं जमत होतं, हाच तिचा गुन्हा.

तारामती नायगावकडची. अंगानं सडसडीत, बोलायला कमी, आणि डावखुरी. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात डाव्या हातानं भाकरी उलटली म्हणून कस्तुराबाईनं तिचा हात तव्याला टेकवता टेकवता सोडला होता. तेव्हापासून वाढायला उजवा, देवाला फूल वाहायला उजवा आणि पाट्यावर ठेचायला डावा, अशी तिनं हातांची वाटणी करून टाकली. अद्रकपाणी तिनं आईकडून उचललेलं. तिच्या आईकडं शेजारपाजारची माणसं पडसं, पोटदुखी, मळमळ घेऊन यायची आणि फुलपात्र रिकामं करून जायची. चाकुरात पहिल्याच थंडीत सासूची छाती भरली, दवाखान्याच्या गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा या नव्या सुनेनं भीत भीत पाणी करून दिलं. म्हातारी घामाघूम झाली आणि भिंतीला टेकून शांत झोपली. उठल्यावर म्हणाली, "गुणाची गं माझी." ते शब्द तारामतीनं देवाच्या अंगाऱ्यासारखे जपून ठेवले. तसे शब्द पुन्हा काही आले नाहीत.

तिचा नवरा व्यंकट तेव्हा घरच्या कोरडवाहू शेतात धाकट्या भावाबरोबर, निवृत्तीबरोबर, राबत होता. मग लातूरचा नवा जिल्हा झाला. कचेऱ्या निघाल्या, पाट्या रंगल्या, खुर्च्या आल्या, आणि खुर्च्यांपाशी उभं राहायला माणसं लागली. व्यंकट त्यातल्या एका कचेरीत शिपाई लागला. खाकी कपडे मिळाले, डोक्याला टोपी मिळाली. गल्लीतल्या लोकांनी तारामतीला लगेच लातूरवाली म्हणायला सुरुवात केली. "आता काय बाई, नळाचं पानी, लाईटीचा दिवा!" तारामतीला नळाचं फार नव्हतं. तिला आपली एक चूल हवी होती. रोज सकाळी देवापुढं दिवा लावताना ती एवढंच मागायची: देवा, लई काही नको. चार भांडी, एक चूल, आणि त्या चुलीपाशी मी.

पहिल्यांदा निघायचं ठरलं ते दसऱ्याच्या सुमाराला. ट्रंक भरली, देवाला नारळ फोडला, व्यंकटनं ट्रंक खांद्यावर घेतली, दोघं ओसरीवर आले आणि शिट्टी वाजली. म्हातारीचे ओठ निळे पडले. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या. व्यंकटनं ट्रंक खाली ठेवली ती ठेवलीच. दुसऱ्यांदा संक्रांत झाल्यावर ठरलं. तेव्हा ट्रंक भरायच्या आधीच छाती भरली. त्यानंतरही एकदा. सोंग म्हणावं तर ते सोंग नव्हतं, ओठ खरेच निळे पडत होते. दमा खरा होता. फक्त वेळ साधून येत होता.

शेजारची सरजाबाई पाटीतलं शेण वळवता वळवता म्हणायची, "तारामतीची ट्रंक हलली की कस्तुराबाईची छाती वाजती. बँडवाल्याला सुपारी द्यायला नको." सगळ्या बायका हसायच्या. तारामतीही हसायची. न हसून सांगते कोणाला?

आणि ज्या तोंडानं कस्तुराबाई तिला जाऊ देत नव्हती, त्याच तोंडानं म्हणायची, "कूस काही उजवंना हिची. माझ्या व्यंकटचं नशीब! झाड लावलं तर त्याला बी फळ येतं." व्यंकट महिन्या-दीड महिन्यानं एका मुक्कामाला यायचा, आणि त्या मुक्कामातही आई उशाशी बसवून घ्यायची. फळ कुठून यायचं, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

या खेपेला मात्र व्यंकट बोलून गेला होता. लातुरात त्यानं पत्र्याची एक खोली घेतली होती, तिला मोरी होती आणि चुलीपुरती जागा होती. "पाडव्याला आलो की घेऊनच जातो तुला," तो दारात उभा राहून हळूच म्हणाला. "तवर आईची काहीतरी सोय लाव. तिला पानी कोन देनार, तेवढं बघ." म्हणून तर आज चूल अर्धी टाकायची वेळ आली होती. म्हातारीनं ते ऐकलं होतं.

सोय लावायची म्हणजे धाकट्या जावेला शिकवायचं. चांगुणा निवृत्तीची बायको. गोल तोंडाची, हसरी, आणि बोलायला लागली की टँकरची रांग संपली तरी हिचं संपत नसे. तारामतीनं तिला पाट्यापाशी बसवलं, हातात हात धरून ठेचायला लावलं, रस पेल्यात धरून उजेडात दाखवला.

"हे बघ, खाली पांढरं बसायलंय. दिसलं?"

"दिसलं की अक्का. तांदळाच्या धुवनावानी."

"ते वर येऊ द्यायचं न्हाई. हात हलला की गेलं."

"न्हाई हलणार. माझा हात काय चाळणी हाय?"

चांगुणानं पाणी केलं. कस्तुराबाईनं एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला. "हे काय गं? म्हशीला पाजायचं अवशीद?" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं पेला भिंतीवर फेकला. तारामती पुन्हा पुन्हा शिकवत राहिली. चांगुणा पुन्हा पुन्हा "माय माय, चुकलं की गं अक्का" म्हणत राहिली. तारामतीला वाटायचं, शिकवण्यात आपलंच काही राहून जातंय. उपास धरला, मारुतीला तेल घातलं, म्हणाली, देवा, हिच्या हाताला यश दे.

एकदा ती परसातून गोवऱ्या घेऊन आत येत होती. चांगुणाची पाठ तिच्याकडं होती. चांगुणानं पेला उचलला, तिरपा केला, आणि निवळ रस इतक्या सफाईनं ओतून घेतला की तारामतीच्या आईलाही कौतुक वाटलं असतं. एक कण वर आला नाही. मग चांगुणानं इकडंतिकडं पाहिलं, पेल्याच्या तळात बोट घातलं, ते पांढरं पीठ चांगलं ढवळलं आणि त्या निवळ रसात परत ओतून दिलं.

तारामतीच्या हातातल्या गोवऱ्या खाली पडल्या.

चांगुणा वळली. दचकली, पण क्षणभरच. मग तिनं बोट लुगड्याला पुसलं. "बगितलं का? बरं झालं. मला बी रोज रोज नाटक करून कटाळा आलाता."

"तुला येतंय!"

"पैल्याच दिवशी आलं. काय रॉकेट उडवायचंय त्यात?"

"मंग हे कामून गं चांगुणा? मी तुझ्या पाया पडून शिकवायले..."

"अक्का, मला येतंय म्हनलं की तुमी सुटल्या अन् मी अडकले. म्हातारी काय लवकर जानारी न्हाई. माझी जिंदगी अद्रक खरवडन्यात जाईल. तुमच्या जागी मी असते तर मी बी शिकवायला बसले असते. माझ्या जागी तुमी असत्या तर काय केलं असतं, ते सांगा."

तारामती गोवऱ्या उचलायला वाकली, तशी चांगुणाही वाकली.

"आन् आत्याबाईला सांगायचं असंल तर खुशाल सांगा," चांगुणा गोवऱ्या गोळा करता करता म्हणाली. "त्या म्हनतील, लातूरला जायला मिळंना म्हनून धाकलीवर आळ घ्यायली." आणि त्या तसंच म्हणाल्या असत्या, हे तारामतीला पक्कं ठाऊक होतं.

तिनं दुसरा मार्ग काढला. व्यंकटच्या गाववाल्याबरोबर निरोप धाडून लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून चांगली रसरशीत अद्रक मागवली. कितीतरी दुपारी ती पाट्यापाशी बसली. डाव्या हाताची साल निघाली, बोटांची आग आग झाली, डोळे चोळले तर डोळ्यांची आग झाली. रस निवळला, गुळाचा पाक बोटात तार धरीपर्यंत आटवला, त्यात रस सोडून पुन्हा कढ दिला, आणि उन्हात वाळवलेल्या चिनी मातीच्या बरण्यांत भरला. कोरडा चमचा घातला तर पाक पावसाळ्यापर्यंत टिकला असता. एक चमचा पाक, पेलाभर कोमट पाणी, झालं. हे तर लहान पोरालाही जमावं. ढवळून बिघडवायला त्यात काही उरलं नव्हतं.

बरण्यांच्या तोंडाला फडकी बांधून तिनं त्या देवघराच्या फळीवर ओळीनं मांडल्या आणि सासूला दाखवल्या. "आत्याबाई, बघा. मी नसले तरी तुमाला रोज माझ्या हातचं मिळल."

कस्तुराबाईनं बरण्यांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खोकली नाही. म्हणाली, "लई काम केलंस बाई."

शनिवार आला. रोजगार हमीची माणसं मारुतीच्या देवळामागच्या माळावर खडी फोडत होती. दुपारी तारामती टँकरच्या रांगेत होती. घागर घेऊन परतताना तिला देवळापाशी गर्दी दिसली. पिंपळाखाली कस्तुराबाई खाटेवर बसली होती, शेजारी पाण्याचं पिंप होतं, निवृत्ती त्यात काठीनं ढवळत होता, आणि खाली फडकी सुटलेल्या बरण्या आडव्या पडल्या होत्या. सगळ्या.

"या बायांनो, या. उन्हात फुटायलात तुमी. घोट घोट घ्या. देवाच्या दारात कुनी तान्हेलं जाऊ नये," कस्तुराबाई म्हणत होती. आवाज ठणठणीत होता. माणसं डोळे मिटून पीत होती. "काय गोड हाय! माय, लई पुन्य लागंल तुमाला!" देवळाचा गुरव म्हणाला, "असं मन पायजे." सरजाबाईनं दोनदा घेतलं.

तारामती घागरीसकट उभी राहिली. ओरडायचं कशाला? दुष्काळात तहानलेल्यांना पाणी दिलं म्हणून? शनिवारी, मारुतीच्या समोर? कोणत्या तोंडानं ती म्हणणार होती की हे नका देऊ? तिच्या मनात जे आलं त्याची तिला देवाचीच भीती वाटली. तिनं घाईघाईनं हात जोडले.

बौद्धवाड्यातल्या बायका एका अंगाला बसल्या होत्या. त्यांना कस्तुराबाई पेला देत नव्हती. उंचावरून ओंजळीत धार सोडत होती. अर्धं पाणी कोपरावरून मातीत जात होतं. पंचशीला नावाच्या बाईनं ओंजळ मागं घेतली. "ऱ्हाऊ द्या. तुमचं पुन्य लई उंचावरून पडायलंय, आमच्या हातात मावंना."

"घ्यायचं तर घे, न्हाई तर ऱ्हाऊ दे. तोंड लई चालतंय."

पंचशीला उठली. जाता जाता तारामतीपाशी थांबली. गावात कोणाचं काय चाललंय ते खडी फोडताना सगळं कळतं. "ताई, तुमच्या हातचं हाय म्हनं. हाताची कातडी गेली दिसती."

तारामतीनं हात पदराखाली घेतला.

"तुमची लातूरची गाडीच पिऊन टाकली बगा आज लोकायनं," पंचशीला म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन माळाकडं गेली.

त्या रात्री तारामती जेवली नाही. शनिवारचा उपास समजून कोणी विचारलंही नाही.

पाडवा आठवड्यावर आला. आता तिच्यापाशी एकच गोष्ट उरली होती. चांगुणानं जे केलं ते आपणही करायचं. आपल्याही हातचं पाणी बिघडलं, तर या घराला आपल्याला धरून ठेवायचं कारण उरणार नाही. तिच्या हातानं आजवर एक घोटसुद्धा वाईट झाला नव्हता. मुद्दाम वाईट करायचं म्हणजे तिला देवाचा नैवेद्य खरकटा केल्यासारखं वाटलं. तरी तिनं केलं. गूळ घातला नाही. पांढरं पीठ सगळं कालवलं. वर कडू लिंबाचा पाला ठेचून पिळला. जिभेच्या टोकाला थेंब लावून पाहिला तर डोळ्यांत पाणी आलं. पेला तिनं उजव्या हातानं सासूपुढं ठेवला.

कस्तुराबाईनं पेला तोंडाला लावला. तारामती पाहत राहिली. म्हातारी थुंकली नाही. घोट घोट घेत तिनं पेला तळापर्यंत संपवला, तळाचा गाळही बोटानं पुसून चाटला, आणि पदरानं ओठ टिपले.

"ब्येस झालं आज."

तारामतीनं रिकामा पेला पाहिला. ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"बस. बस जरा," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजी निवडायला बोलवावं तसं बोलली. "लिंबाचा पाला घाल, न्हाई तर राख कालव. करायचं तूच अन् हितंच. समजलं?"

"आत्याबाई, चांगुणाचं तुमी थुंकायच्या..."

"चांगुणाचं मी थुंकनारच. तिला ठेवून काय करू? ती मला दोन दिवसांत इसरल. तू इसरनार न्हाईस. तुला देवाचं भ्या हाय." तिनं पेला उपडा ठेवला. "माझी सासू म्हातारी झाली, कामाची ऱ्हायली न्हाई, तवा मी तिला गोठ्यात टाकलं. भाकरी बी ढोराच्या वैरनीसंगं न्यायचे. दोन हिवाळे काढले बाईनं. मी हाक ऐकायचे अन् जात्याची घरघर मोठी करायचे. म्हातारीचं काय होतं ते मला कुनी शिकवायला नको."

तारामतीनं मान वर केली. म्हातारीच्या डोळ्यात पाणीबिणी काही नव्हतं. ती सुपारी कातरत होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी व्यंकट आला. त्याच्याबरोबर बातमी होती: लातुरात एका डाळमिलमध्ये हमालीला माणसं हवी होती, निवृत्तीचं काम झालं होतं. शेतात तसंही काही पिकत नव्हतं. घरात गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी गुढी उभारली, देवाला नैवेद्य झाला, आणि सगळे ओसरीवर बसले असताना कस्तुराबाईनं बोलायला घेतलं.

"दोघं भाऊ एका खोलीत ऱ्हावा. दोघांचं रांधायला एक बाई लागंल. दोघी गेल्या तर माझ्या तोंडात पानी कोन घालंल? चांगुणाला माझं काहीच जमत न्हाई, हे तुमी समद्यांनी बगितलंय. मंग ती हितं ऱ्हाऊन काय उपयोग? तिला न्या. तारा माझ्यापाशी ऱ्हाईल."

 गुढीवरची कडुलिंबाची डहाळी वाऱ्यानं हलत होती. तारामतीनं नवऱ्याकडं पाहिलं. व्यंकट टोपीच्या आतल्या बाजूला काहीतरी शोधत होता.

"अवो," ती सगळ्यांदेखत पहिल्यांदाच बोलली. "तुमी शबूद दिलाता."

"आईचं बी बरोबरच हाय की तारा," तो टोपीलाच म्हणाला. "इचार कर. तिला काही झालं तर गाव आपल्याला काय म्हनंल? एवढं साल जाऊ दे. पाऊस पडला की बघू."

"चांगुणाला समदं जमतंय. इचारा तिला. माझ्यादेखत जमलंय तिला."

सगळ्यांनी चांगुणाकडं पाहिलं. चांगुणानं डोळे भरून आणले. "अक्का, मी काय वाईट केलंय तुमचं? मला येत असतं तर मी आत्याबाईला वंगाळ पाजलं असतं व्हय? देवाची आन."

"बघा," कस्तुराबाई म्हणाली. "जळती." आणि खोकली. घसा मोकळा करायचा, साधा.

दुपारच्या एस.टी.ला तिघं गेली. चांगुणापाशी ट्रंक नव्हतीच. तारामतीची भरलेली ट्रंक होती, तीच रिकामी करून दिली. तारामतीनंच तिचे कपडे काढले आणि चांगुणाचे घड्या घालून भरले. गाडीत चढताना चांगुणानं वाकून नमस्कार केला. व्यंकट खिडकीतून म्हणाला, "हात जप. लागलाय वाटतं कशानं तरी."

पाऊस पडला, अर्धामुर्धा. पाऊस पडल्यावर काय बघायचं होतं ते कोणी काढलं नाही. व्यंकट सणावारी यायचा, आईच्या उशाशी बसायचा. एकदा जेवताना बोटं चाटत सहज म्हणाला, "चांगुणा मागं रोज संध्याकाळी अद्रकपाणी करायची बग. अगदी तुझ्यावानी. तिळभर फरक न्हाई. पेल्यात बघितलं तर आरपार दिसायचं." तारामती भाकरी थापत होती, ती थापत राहिली. कस्तुराबाईनं ऐकलं. तिनं लेकाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, "जेव. लातूरचं खाऊन वाळलास."

मग तारामतीनं हात पुसले आणि सासूसमोर सरळ उभी राहिली. "आत्याबाई, आता तर ऐकलं ना? तिला येतंय. तिला हितं आना, मला जाऊ द्या. मी काही लई मागत न्हाई."

"आता कसं आनायचं?" कस्तुराबाई म्हणाली. "तिला दिवस गेलेत. व्यंकटनं तुला सांगितलं न्हाई व्हय? तिसरा चाललाय. निवृत्तीच्या संसाराची घडी बसली. आता हलवाहलव करायची का, तूच सांग. तुला तर ठाव हाय, या घरात पाळना किती दिसांनी हलनार हाय ते."

व्यंकट मान खाली घालून जेवत होता. "हाव. लई मळमळतंय तिला," तो म्हणाला. "आता कच्च्या अद्रकीच्या वासानंच उलटी होती, चुलीपाशी बसवत न्हाई. ती म्हनली, अक्काच्या हातचा पाक असंल तर एक बरनी द्या. नुसता चमचाभर चाटला तरी बरं वाटंल म्हनती. मी उद्या सकाळच्या गाडीनं जातोय, तवा घेऊन जाईन."

तारामती उभीच होती. तिला वाटलं होतं की आपण रडू. रडू आलं नाही. ती देवघराशी गेली, देवापुढचा दिवा वाऱ्यानं तिरपा झाला होता, त्याची वात सारखी केली. काही मागितलं नाही. हात जोडायचे म्हणून जोडले.

"घरात अद्रक किती हाय?" कस्तुराबाईनं विचारलं.

"न्हाई. सकाळीच संपली."

"मंग बाजार उठायच्या आत जा. चांगली बघून घे, सुतळीवानी नको. पैल्या लेकराचं हाय."

तारामतीनं खुंटीवरची पिशवी काढली, पायात चपला घातल्या आणि ती बाजारात अद्रक आणायला निघाली.